हरलेल्याला जागा कुठे? टाकीतल्या सिक्लिडची मारामारी आणि आपले उपाय

अच्छाड हे तलासरी तालुक्यातलं, मुंबई-अहमदाबाद हायवेवरचं महाराष्ट्राच्या टोकाचं गाव. इथल्या माणसाला घरात रंगीत मासे ठेवायचे असले की तो वापीला जातो, बोईसरला जातो, फार हौस असेल तर मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांपर्यंत पोचतो. दुकानात एका टाकीत निळे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे दाटीवाटीने फिरत असतात आणि सगळ्यांचं नाव एकच, ‘आफ्रिकन’. आठ-दहा मासे पिशवीत येतात आणि दोन फुटी टाकीत सुटतात. पहिले काही दिवस बरे जातात. मग एकाची शेपटी फाटलेली दिसते, दुसरा कोपऱ्यात उभा राहायला लागतो, आणि महिना-दोन महिन्यांत टाकीत एक धष्टपुष्ट मासा उरतो. घरातले म्हणतात, ही जातच मारकुटी.

जात भांडखोर आहे हे खरं. पण टाकीत जे मासे मरतात, ते भांडणामुळे कमी आणि भांडण संपत नाही म्हणून जास्त मरतात. या फरकाभोवतीच या विषयातले सगळे उपाय तपासायला हवेत. दुकानात, पुस्तकांत आणि हौशी मंडळींच्या बोलण्यात डझनभर उपाय ऐकू येतात. त्यांतले काही पक्के आहेत, काही अर्धे आहेत, आणि जगभर सर्वांत लोकप्रिय असलेला एक उपाय आपल्या भागात धोक्याचा आहे.

‘आफ्रिकन’ म्हणून मिळणारे बहुतेक मासे सिक्लिड कुळातले, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ काठाचे. तिथे या माशांना ‘म्बुना’ म्हणतात. नर खडकातली एखादी कपार धरतो, तिच्या आसपासची शेवाळाची जागा आपली मानतो आणि दुसरा नर आला की त्याला हाकलतो. हरलेला नर दोन-तीन मीटर पलीकडे खडकाआड जातो आणि तिथेच प्रकरण मिटतं. दोन फुटी टाकीत हरलेला जाईल कुठे? जिथे जाईल तिथून तो जिंकलेल्याला दिसतच राहतो. जिंकलेल्याच्या लेखी तो अजून हद्दीतच आहे, म्हणून पुन्हा धाव, पुन्हा चावा. सरोवरात काही क्षणांत मिटणारा तंटा काचेत दिवसभर चालतो.

मार खाणारा मासा ओळखायला शिकलं पाहिजे, कारण तो फार लवकर सांगत असतो. तो पाण्याच्या वरच्या थरात, फिल्टरच्या नळीमागे किंवा हीटरच्या आड तिरका उभा असतो. पर अंगाला चिकटवलेले. रंग उतरलेला, आणि जातीत आडवे किंवा उभे पट्टे असतील तर ते मळकट झालेले. खाणं टाकलं की बाकीचे झेपावतात. हा एक इंच पुढे येतो, मोठ्या नराची मान वळली की मागे सरतो, आणि शेवटी तळाला पडलेला दाणा तोंडात घेऊन थुंकतो. कल्ले भरभर हलत असतात. शेपटीच्या कडेला पांढरी रेघ आली तर ती चाव्याची जखम. या अवस्थेत त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक वाढलेलं असतं. थोड्या वेळापुरतं ते उपयोगी असतं, पळायला बळ देतं. दिवसेंदिवस चढलेलं राहिलं तर भूक मारतं, वाढ खुंटवतं, रोगप्रतिकार खच्ची करतं. मग अंगावर पांढरे ठिपके येतात किंवा पोट फुगतं, मालक निळं औषध टाकतो, मासा मरतो, आणि दोष रोगाला जातो. औषध टाकण्याआधी दहा मिनिटं टाकीसमोर बसून कोण कोणाला पळवतंय हे पाहिलं, तर निम्म्या वेळा खरं कारण तिथेच सापडेल.

या माशांवर शास्त्रज्ञांनी केलेलं काम मोठं आहे, आणि त्यातला एक धागा आपल्या देशातल्या माशापर्यंत येतो. भारतात सिक्लिडच्या मूळच्या फक्त तीन जाती आहेत. त्यांतली एक नारिंगी क्रोमाइड, दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या गोड्या-मचूळ पाण्यातली, बोटाएवढी. ऑस्ट्रियाचे कोनराड लॉरेन्झ यांनी 1963 साली आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं, त्यात सिक्लिडच्या जोड्यांचा दाखला आहे: जोडी एकटीच ठेवली तर नर मादीवर उलटतो, मार खायला तिसरा मासा ठेवला तर जोडी टिकते. ॲन रासा यांनी 1969 मध्ये नेमक्या या नारिंगी क्रोमाइडवर असाच अभ्यास केला. लॉरेन्झ यांचं म्हणणं असं की राग आत साचत जातो आणि कुठेतरी वाहून जावाच लागतो. हे म्हणणं पुढे टिकलं नाही. हायलिगेनबर्ग आणि क्रामर यांनी 1972 मध्ये टांगानिका सरोवराकडच्या एका सिक्लिडवर दाखवलं की प्रतिस्पर्धी दिसेनासा झाला की नराच्या चढाया साचत नाहीत, हळूहळू घसरतात. प्रतिस्पर्ध्याची नुसती प्रतिकृती दाखवली की पुन्हा वाढतात. टाकीवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. बळीचा बकरा म्हणून एखादा स्वस्तातला मासा सोडण्याची जी पद्धत आहे, तिला शास्त्राचा भक्कम आधार नाही आणि त्या माशाच्या दृष्टीने ती क्रूर आहे. उलट, जे दिसतं ते झाकलं तर भांडण उतरतं.

दुसरा धागा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रसेल फर्नाल्ड यांचा. त्याच टांगानिकाकडच्या माशात थोडे नर रंगीत आणि हद्दवाले असतात, बाकीचे मळकट आणि दबून राहणारे. हद्दवाला नर काढून घेतला की दबलेल्यांपैकी एक काही मिनिटांत रंग धरतो, डोळ्याजवळचा काळा पट्टा उमटवतो आणि हाणामारी सुरू करतो. पुढच्या काळात त्याच्या मेंदूतल्या प्रजननाशी निगडित पेशीसुद्धा वाढतात. ‘गुंड काढून टाका’ हा सल्ला किती अपुरा आहे ते यातून कळतं. जागा रिकामी झाली की गुंड नव्याने तयार होतो. फर्नाल्ड यांच्याच गटाने 2007 मध्ये दाखवलं की हे मासे दुसऱ्यांच्या लढती नुसत्या पाहून कोण कोणापेक्षा वरचढ हे ताडतात. म्हणजे टाकीतल्या एका कोपऱ्यातला तंटा इतर सगळे वाचत असतात. एकदा हरलेला मासा पुढच्या लढतीतही हरण्याची शक्यता जास्त, आणि बघ्यांनाही तो सोपा वाटतो. त्याला वेळीच बाजूला काढणं म्हणूनच महत्त्वाचं.

लढतीच्या आकाराबद्दलही एक उपयोगी गोष्ट कळली आहे. स्वीडनचे मॅग्नस एन्क्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका लहान सिक्लिडवर अभ्यास केला. लढत टप्प्याटप्प्याने चढते: आधी बाजू दाखवून अंगाचा आकार मिरवायचा, मग शेपटीने पाण्याचा फटका, मग तोंडाला तोंड भिडवून ओढाताण. अंगाने तफावत असेल तर लहान लवकर माघार घेतो. तोडीस तोड असतील तरच शेवटच्या टप्प्यापर्यंत जाऊन रक्त निघतं. दुकानात ‘एका मापाचे द्या’ असं मागून आणलेले दोन नर हीच वेळ ओढवून घेतात.

आता गर्दीचा उपाय. म्बुना पाळणाऱ्यांमध्ये जगभर हाच सांगितला जातो: टाकी भरून टाका, मग कोणाला हद्दच धरता येणार नाही, मार एकावर न पडता वीस जणांत वाटला जाईल. दुकानातली टाकी शांत दिसते ती बरीचशी यामुळेच. शिवाय तिथले मासे कोवळे असतात आणि रोज येतात-जातात. तत्त्व चुकीचं नाही. पण हा उपाय मोठ्या फिल्टरवर आणि न जाणाऱ्या विजेवर उभा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात वाऱ्याने फांदी पडली की लाइट गेली, ती कधी येईल सांगता येत नाही. दाट भरलेल्या टाकीत फिल्टर थांबला की दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली, ऑक्सिजन कमी पडतो. 25 अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशाला 7.3, आणि उन्हाळ्यात तलासरीच्या पत्र्याच्या घरातलं पाणी 32 ला सहज जातं. दुसरी गोष्ट अमोनियाची. या भागातलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, ते बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. मलावीच्या माशाला ते मानवतं, पण त्या पाण्यात अमोनियाही जास्त विषारी ठरतो. पीएच 7 ला आणि 30 अंशाला एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच 8.2 ला तोच सुमारे 11 टक्के. गर्दी करून मारामारी आटोक्यात ठेवायची आणि एका रात्रीच्या अंधारात सगळी टाकी गमवायची, हा सौदा मला मान्य नाही. इन्व्हर्टर आणि बॅटरीवरचा एअर पंप असेल तर थोडी दाटी चालेल. नसेल तर मासे कमी ठेवावेत आणि आडोसे वाढवावेत.

टाकीच्या मापाबद्दल एक निष्कर्ष अनेकांना पचणार नाही. अमेरिकेतले रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी 2011 मध्ये मायडास सिक्लिडच्या पिल्लांवर काम केलं. घरोघरी असतात तशा मापांत टाकी थोडी लहान-मोठी करून किंवा माशांची संख्या बदलून आक्रमकतेत फारसा फरक पडला नाही. ती घटली ती बऱ्याच मोठ्या आणि आत भरपूर आडोसे असलेल्या टाकीत. आपल्याकडची दोन फूट बाय एक बाय एकची टाकी 56 लिटरची. तिच्याऐवजी अडीच फुटी घेतली म्हणून काही सुटत नाही. चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटरच्या पुढे गेलं तरच म्बुनांच्या गटाचा विचार करावा. दुकानदाराने दोन फुटी टाकीसोबत आफ्रिकन विकूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आडोसा हा मला सर्वांत विश्वासाचा उपाय वाटतो, आणि तो आपल्याकडे जवळपास फुकट मिळतो. ब्राझीलमध्ये कादरी आणि बारेतो यांनी 2010 मध्ये दाखवलं की मोती सिक्लिडच्या टाकीत वस्तू मांडून पसारा केला तर पाहुण्या माशावरचे हल्ले कमी होतात. कारण नजर अडते. जुन्या घरांची नळीची कौलं, कुंभाराकडची तडा गेलेली मडकी, नदीतले काळे गोटे, यांतलं काहीही चालतं. कौल उपडं ठेवलं की दोन्ही टोकांनी उघडी बोळकांडी तयार होते. दोन्ही टोकं उघडी असणं महत्त्वाचं. एकाच तोंडाच्या मडक्यात घुसलेला दुबळा मासा आतच कोंडून मार खातो, म्हणून मडक्याला मागून भोक पाडावं. मांडणी एका ढिगात करू नये. टाकीच्या लांबीत तीन-चार ठिकाणी काचेच्या निम्म्या उंचीपर्यंत भिंती उभ्या कराव्यात, म्हणजे एका टोकाचा नर दुसऱ्या टोकाला सरळ पाहू शकणार नाही. वरच्या थरातही काहीतरी हवं, कारण हरलेला वर पळतो. तिथे बांबूची नळी आडवी टांगली तरी पुरते. मात्र ती आधी आठवडाभर पाण्यात मुरवून घ्यावी. झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले टाकले तर पाण्याचा जडपणा थोडा वाढतो, म्बुनांना ते चालतं.

इथे एक गोष्ट खास आपल्या भागाची. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या हादऱ्यांची मालिका लागली. बहुतेक हादरे लहान, पण 1 फेब्रुवारी 2019 चा 4.1 क्षमतेचा होता. दगड वाळूवर रचले असतील तर हे मासे त्यांच्याखालची वाळू उपसतात आणि रचना पोकळ करतात. त्यात हादरा बसला तर दगड काचेवर आदळतो. म्हणून आधी तळाच्या काचेवर थर्माकोल किंवा फोमचा पातळ थर, त्यावर दगड, आणि मग वाळू. टाकीखालीही फोम हवाच. माशाला कंपनं अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदनरेषेने कळतात, आणि अचानक दचकलेला मासा काचेवर आपटतो किंवा झाकण नसेल तर बाहेर पडतो. हायवेलगतच्या घरात आणि हॉटेलात जड ट्रक दिवसरात्र जात असतात. तिथे टाकी रस्त्याकडच्या भिंतीला टेकवू नये.

मांडणी बदलणं, म्हणजे नवे मासे सोडताना सगळे दगड इकडचे तिकडे करणं, हा जुना आणि चांगला उपाय. हद्द मोडली की जुन्याला घरच्या मैदानाचा फायदा राहत नाही. पण तो दर आठवड्याला करण्याचा नाही. सतत मोडणाऱ्या हद्दी म्हणजे सतत नव्या लढती.

पाणी बदलण्याबद्दल मात्र हौशी लोकांची समजूत उलटी आहे. भांडण वाढलं की निम्मं पाणी बदला, मासे ताजेतवाने होतील, असं सांगितलं जातं. सिक्लिड पाण्यातल्या वासावर एकमेकांचा दर्जा ओळखतात. आपल्या धरणांतली चिलापी घ्या. मोझांबिकची ही टिलापिया 1952 मध्ये भारतात आणली गेली. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की या माशाचा वरचढ नर प्रतिस्पर्ध्यासमोर थोड्या थोड्या वेळाने लघवी सोडतो आणि तिचा वास त्याचा दर्जा सांगतो. मोठं पाणी बदललं की हा सगळा हिशेब वाहून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. ब्राझीलमध्ये एंजल माशांवर, तेही सिक्लिडच, 2018 मध्ये झालेल्या कामात निम्मं पाणी बदललेल्या गटांपेक्षा पाव पाणी बदललेल्या गटांत मारामारी कमी राहिली. पाणी बदलू नये असा याचा अर्थ नाही, अमोनिया आणि नायट्रेट बाहेर काढायलाच हवेत. थोडं थोडं, आठवड्यातून दोनदा, त्याच तापमानाचं पाणी घालावं. नळाचं क्लोरीन घातलेलं असेल तर आधी क्लोरीन काढून घ्यावं.

मलावीच्या जातींमध्ये एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या तर एकाच मादीच्या मागे नर लागून राहत नाही. मादी अंडी तोंडात धरते आणि साधारण तीन आठवडे खात नाही; तिचा गळा फुगलेला दिसला की तिला वेगळ्या टाकीत हलवावं. खाणं टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी टाकावं, नाहीतर एकच मासा दोन्हीकडचं खातो. झुंडीने फिरणारे चपळ मासे वरच्या थरात सोडले की लपलेले सिक्लिड बाहेर येतात. सह्याद्रीच्या ओढ्यांतला मोठा डॅनिओ यासाठी अगदी योग्य, जड पाणी सोसतो आणि हाती लागत नाही. ओढ्यातून स्वतः पकडून आणला तर मात्र महिनाभर वेगळा ठेवायचा, सोबत परजीवी येतात.

सगळे सिक्लिड एका मापाने मोजणं ही दुकानाने लावलेली सवय आहे. टांगानिका सरोवरात काही जाती कुटुंबाने राहतात. स्वित्झर्लंडमध्ये मायकेल टॅबोर्स्की यांनी वर्षानुवर्षं अभ्यासलेल्या एका जातीत मोठी जोडी आणि पिल्लं सांभाळणारे मदतनीस एकाच घोळक्यात असतात. मदतनीस शेपटी थरथरवून नमतं घेतो आणि हल्ला थांबतो. तिथे हरलेल्याला पळून जाण्याऐवजी नमून राहण्याची सोय आहे. म्बुनांत ती जवळजवळ नाही, म्हणून त्यांना लपण्याची जागा लागते. फ्लॉवरहॉर्न तर माणसाने संकर करून तयार केलेला मासा. तो एकटाच ठेवायचा. त्याच्यासोबत ‘सोबतीला’ दुसरा मासा सोडणं म्हणजे त्या दुसऱ्याला जाणूनबुजून मारणं.

अच्छाड-तलासरीच्या घराला शोभणारा सिक्लिड विचाराल तर मी नारिंगी क्रोमाइडचं नाव घेईन. तीन फुटी टाकीत सहा-आठांचा गट, जड बोअरचं पाणी, मडकी-कौलं, आणि जोडी जमली की तिच्यासाठी एक कोपरा. दुकानात क्वचित दिसते, पण सांगून ठेवलं तर मागवून मिळते. तिची मोठी बहीण काळुंदर, गोवा आणि सिंधुदुर्गात ताटातली. 1790 मध्ये ब्लॉख यांनी तिला शास्त्रीय नाव देताना त्यात सुरत शहराचं नाव घातलं. ती फूटभराची होते, घरगुती टाकीत तिचा गट ठेवू नये.

मग जे मासे आधीच घरात आहेत आणि एकमेकांना जगू देत नाहीत, त्यांचं काय? टाकीत मधोमध भोकं पाडलेली ॲक्रिलिकची शीट किंवा ट्यूबलाइटच्या पॅनेलची चौकोनी जाळी बसवून दोन घरं करता येतात. तरी दोन्हीकडचे मासे एकमेकांना दिसत राहतात, म्हणून एका बाजूला झाडं किंवा कौलं लावून नजर अडवावी. हद्दवाल्या नराला आठवडाभर वेगळं ठेवून, मांडणी बदलून परत सोडलं तर काही वेळा तो खालच्या पायरीवर येतो. नाहीच जमलं तर दुकानाला परत द्यावा, बहुतेक दुकानदार मोठा रंगीत नर घेतात. वारोळी नदीत, कुर्झे धरणात किंवा गावतळ्यात मात्र सोडू नये. 1952 साली आणलेल्या चिलापीच्या पैदाशीवर 1959 मध्येच बंदी आली होती. तोपर्यंत ती पसरली होती, आणि आज उजनीपासून खेड्यातल्या तळ्यांपर्यंत जाळ्यात तीच जास्त येते.